वाचकांचे प्रश्न : डोलणारा ट्रेलर आणि चाळीस किलोंचा हिशेब

प्रश्न : आम्ही गेली नऊ वर्षे ऑकलंडला राहतो. मागच्या जानेवारीत साडेपाच मीटरची एक जुनी ॲल्युमिनियमची बोट तिच्या एका आसाच्या ट्रेलरसकट विकत घेतली. गावातल्या गावात काही जाणवत नाही, परंतु हमरस्त्यावर ताशी ७५ किलोमीटरच्या पुढे गेले की ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो आणि उतारावर तर माझ्या हाताला घाम फुटतो. वजनकाट्यावर बोट, इंजिन, पेट्रोल व सामानासह ट्रेलर १२०० किलो भरला. गाडीला जोडून फक्त ट्रेलरची चाके काट्यावर ठेवली तेव्हा ११६० किलो आले. त्यातली बोट इंजिन-पेट्रोलसह साधारण ८५० किलो, सामान ६० किलो. ट्रेलरला ब्रेक नाहीत. गाडीच्या पुस्तिकेत ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी २००० किलो, ब्रेक नसलेल्यासाठी ७५० किलो आणि टो बॉलवर (गाडीमागच्या ज्या गोळ्यावर ट्रेलर अडकतो त्यावर) कमाल १५० किलो असे आकडे आहेत. माझे मेहुणे म्हणतात की मागे आणखी वजन टाकले म्हणजे ट्रेलर रस्त्याला धरून चालेल. हे बरोबर आहे का?

उत्तर : मेहुण्यांचा मान राखून सांगतो, हे अगदी उलटे आहे. वजने करून मग पत्र लिहिणारे वाचक क्वचित भेटतात, त्यामुळे आपल्याला आकड्यांतच उत्तर देता येते. काट्यावरच्या दोन वजनांतला फरक, म्हणजे ४० किलो, एवढाच भार आपल्या टो बॉलवर येतो आहे. एकूण वजनाच्या तो सव्वातीन टक्क्यांच्या आसपास पडतो. बोटीच्या ट्रेलरचे नाक, म्हणजे बॉलवर बसणारे पुढचे टोक, साधारण ७ ते १० टक्के भार देत असावे, म्हणजे आपल्या बाबतीत ८५ ते १२० किलो.

ज्यांनी लहानपणी बैलगाडी भरताना पाहिली आहे, त्यांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही. मागे ओझे जास्त झाले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. आपला ट्रेलर पुरता उलाळ झालेला नाही, पण त्या वाटेवर आहे. नाक हलके असले की वाऱ्याच्या झोताने किंवा शेजारून गेलेल्या ट्रकच्या धक्क्याने ट्रेलरची पिछाडी एकदा बाजूला सरकते, त्याबरोबर गाडीची पिछाडी उलट बाजूला ढकलली जाते, आणि वेग जसा वाढतो तसे हे हेलकावे आपोआप विरण्याऐवजी वाढत जातात. गावात ५० च्या वेगाने जाताना काहीच जाणवत नाही याचे कारण हेच.

मात्र वजनाच्या जागेकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण आपण ती पत्रात जाता जाता लिहिली आहे. न्यूझीलंडच्या नियमांप्रमाणे भरलेला ट्रेलर २००० किलोंच्या आत असला तर त्याला स्वतःचे ब्रेक सक्तीचे नाहीत. गाडी व ट्रेलर मिळून ताशी ३० किलोमीटर वेगातून ७ मीटरांत थांबले म्हणजे झाले. परंतु कायदा ब्रेक मागत नसला तरी आपली गाडी मागते आहे. ७५० किलोंची मर्यादा असताना १२०० किलो ब्रेकशिवाय ओढणे म्हणजे ऑकलंडच्या उत्तरेकडच्या ब्रिन्डरविन घाटाच्या उतारावर साडेचारशे किलो उसने घेऊन जाण्यासारखे आहे. ट्रेलर ढकलू लागला की कपलिंगच्या (बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरच्या वाटीच्या) दांड्याने आपोआप लागणारे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक बसवून घ्यावेत, आणि ट्रेलर खाऱ्या पाण्यात उतरणार असल्याने डिस्क स्टेनलेस स्टीलच्या घ्याव्यात. हा खर्च टाळता येण्यासारखा मला वाटत नाही. तोपर्यंत ही बोट लांब नेऊ नये.

आता वजन. पहिले काम फुकटचे आहे. बोटीत सामान नेहमी मागे टाकले जाते, कारण मागच्या बाजूने हात सहज पोहोचतो. आपले ६० किलो सामान, म्हणजे आइसबॉक्स, नांगर, साखळी, जास्तीचा पेट्रोलचा कॅन, तेथून उचलून साधारण तीन मीटर पुढे, नाळेकडे ठेवा आणि बांधा. आपल्या ट्रेलरचे कपलिंगपासून आसापर्यंतचे अंतर पत्रात नाही; या मापाच्या ट्रेलरला ते पाच मीटरांच्या आसपास असते असे धरतो. ६० गुणिले ३ भागिले ५, म्हणजे टो बॉलवरचा भार ३६ किलोंनी वाढेल. चाळीसचे शहात्तर झाले, आणि अजून पान्याला हात लावलेला नाही.

दुसरे काम विंचच्या, म्हणजे बोट ट्रेलरवर ओढून घेणाऱ्या चरखीच्या, खांबाचे. हा खांब ड्रॉबारवर, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर, यू-बोल्टांनी आवळलेला असतो आणि बोटीची नाळ त्याच्या रबरी रोलरला टेकते. म्हणजे खांब जेथे, तेथे बोट. पण खांब हलवण्याआधी बोटीच्या मागे जाऊन वाका आणि शेवटच्या रोलरची जोडी कोठे संपते ते पाहा. इंजिन ज्या आडव्या फळीवर लटकते त्या ट्रान्समच्या बरोबर खाली हा आधार हवा, कारण रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला इंजिनाचे सगळे वजन तेथे आदळते. जुन्या ट्रेलरवर बोट बहुधा पंधरा-वीस सेंटिमीटर मागे लोंबकळत असते. मग तळ त्या रोलरवर हळूहळू वाकतो आणि ॲल्युमिनियमच्या जोडाला केसाएवढी चीर पडते. ती दिसते ती बोट पाण्यात गेल्यावरच.

आपली बोटही २० सेंटिमीटर मागे असेल तर खांब तेवढाच पुढे सरकवा. ८५० गुणिले ०.२० भागिले ५, म्हणजे आणखी ३४ किलो. एकूण ११० किलो, नऊ टक्क्यांच्या थोडे वर, पुस्तिकेतल्या १५० किलोंच्या बऱ्याच आत, आणि ट्रान्समही आधारावर आला. एका यू-बोल्टात दोन रोग बरे होण्याचा योग नेहमी येत नाही. सामान घरी ठेवून निघालात तरी भार ९५ किलोंच्या आसपास राहील. आपले अंतर पाच मीटरांपेक्षा कमी-जास्त असेल तर ते मोजून याच हिशेबात घाला.

सगळे हलवून झाल्यावर पुन्हा वजन करावे, हिशेबावर विसंबू नये. प्रत्येक वेळी काट्यावर जायला नको. घरातला न्हाणीघराचा काटा पुरतो. एक मजबूत फळी घ्या, तिचे एक टोक विटेवर व दुसरे काट्यावर ठेवा, विटेपासून एक फुटावर आणि काट्यापासून दोन फुटांवर कपलिंग एका लाकडी ठोकळ्याने टेकवा. काट्यावर दिसेल त्याच्या तिप्पट नाकाचा भार. फळीचे स्वतःचे वजन आधी वजा करायला विसरू नका, कपलिंग गाडीला जोडताना ज्या उंचीवर असते त्याच उंचीवर ठेवा, आणि ट्रेलरची चाके अडवून ठेवा. काटा वाचायला वाकलेल्या माणसाच्या अंगावर ट्रेलर येऊ नये.

आस मागे सरकवूनही नाकाचा भार वाढतो आणि गॅरेजवाले तोच उपाय आधी सुचवतात. बोट पुढे घ्यायला जागाच नसेल तरच त्या भानगडीत पडावे. आस हलवली की कपलिंगच्या मध्यापासून दोन्ही चाकांच्या हबपर्यंतचे अंतर सारखे आले पाहिजे. काही मिलिमीटरांचाच फरक चालतो, नाहीतर ट्रेलर कायम तिरका ओढला जाऊन टायर एका बाजूने झिजतात. पहिल्या ऐंशी-शंभर किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळावे लागतात, हे खांबालाही लागू आहे.

आपण विचारले नाही, तरी न्यूझीलंडचा ट्रेलर म्हटल्यावर टो बॉलचा आकार सांगितल्यावाचून मला राहवत नाही. तेथे १⅞ इंची व ५० मिलिमीटरचे असे दोन्ही बॉल चालतात. १⅞ इंच म्हणजे ४७.६ मिलिमीटर, फरक अवघा २.४ मिलिमीटरचा. डोळ्याला तो दिसत नाही आणि ५० चे कपलिंग लहान बॉलवर मुकाट्याने बसते, खटका लागल्याचा आवाजही येतो. माझ्या पहिल्याच वर्षी रॅम्पवरून बोट वर ओढताना असेच कपलिंग बॉलवरून उडाले; साखळी होती म्हणून ट्रेलर पाण्यात परत गेला नाही, ड्रॉबार मात्र काँक्रीटवर आपटला. चूक सर्वस्वी माझी होती, उसन्या गाडीच्या बॉलवर कोरलेला आकडा मी वाचला नव्हता. तेव्हापासून कपलिंग अडकवल्यावर मी पुढचे जॉकी व्हील, म्हणजे ड्रॉबारला लावलेले वर-खाली होणारे छोटे चाक, खाली फिरवत राहतो, गाडीची पिछाडी दोन-तीन बोटे उचलली जाईपर्यंत. कपलिंग सुटायचे असेल तर अंगणातच सुटते. साखळ्या दोन असतील तर कपलिंगखाली एकमेकींवरून ओलांडून लावाव्यात, म्हणजे कपलिंग निसटलेच तर ड्रॉबार त्या झोळीत पडतो. त्यांची लांबी वळणावर ताणली जाणार नाही आणि रस्त्यावर घासणार नाही इतकीच असावी.

विंचचा पट्टा बोट वर ओढण्यासाठी असतो, रस्त्यावर धरून ठेवण्यासाठी नव्हे. नाळेच्या कडीपासून खांबाच्या तळाशी एक वेगळी साखळी आणि मागे ट्रान्समच्या दोन्ही कोपऱ्यांपासून चौकटीला दोन रॅचेट पट्टे हवेत. पट्ट्याला एक पीळ द्या, वाऱ्यात गुणगुणत नाही. पहिल्या वीस किलोमीटरनंतर थांबून ते पुन्हा ओढा.

एवढे करूनही कधी डोलणे सुरू झालेच तर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढावा, चाक सरळ धरावे आणि ब्रेक जोरात दाबू नये. वेग वाढवून ट्रेलर सरळ करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो त्यांच्या गाडीपुरताच ठेवावा. ट्रेलर असताना आपल्याला तसेही ताशी ९० च्या वर जाता येत नाही.

प्रश्न : आमच्या ट्रेलरचे बेअरिंग दोन वर्षांत दोनदा गेले. दर वेळी ग्रीस भरपूर भरतो. मग पाणी जाते कोठून? (वाचक, पर्थ)

उत्तर : बहुधा आपल्या घाईतून. तासभर रस्त्यावर धावलेला हब गरम असतो आणि आतली हवा फुगलेली असते. तो तसाच थंड समुद्रात बुडवला की हवा एकदम आकसते व मागच्या सीलच्या कडेने पाणी आत शोषले जाते. रॅम्पवर पोहोचल्यावर पट्टे सोडणे, बोटीच्या तळाचे बुच लावणे, लाइफ जॅकेटे बाहेर काढणे ही कामे आधी करावीत. पंधरा मिनिटांनी हबला हाताची पालथी बाजू लावून पाहावी. कोमट लागला तर उतरावे. दिव्यांची वायरही याच वेळात काढून ठेवावी.

‘भरपूर’ या शब्दाचीही मला शंका येते. हबवर बसवलेल्या स्प्रिंगच्या टोपीतून ग्रीसगनने जोर लावून ग्रीस भरले तर तेच मागचे सील बाहेर ढकलते, आणि मग पाण्याला दार उघडेच मिळते. टोपीची चकती जरा पुढे सरकली की थांबावे. वर्षातून एकदा तरी हब उघडून जुने ग्रीस पुसावे. ते दुधाळ दिसले तर पाणी शिरलेच आहे, मग सील व बेअरिंग दोन्ही बदलावीत. पुन्हा बसवताना चाक फिरवत नट घट्ट करावा, नंतर थोडा मागे सोडावा आणि खिळ लावावी. टायर वरून धरून हलवल्यावर जेमतेम जाणवेल इतकाच खेळ हवा. फार आवळलेले बेअरिंग पाण्याविनाच जळते.

प्रश्न : आमची पर्यटकांसाठीची फायबरची बोट आम्ही ट्रॅक्टरला लोखंडी ट्रॉली लावून वाळूवरून पाण्यात सोडतो. तीच ट्रॉली जीपला जोडून फोंडा घाटाने कोल्हापूरला दुरुस्तीला नेली तर चालेल का? (वाचक, मालवण तालुका)

उत्तर : नाही. किनाऱ्यावरची ट्रॉली शंभर-दोनशे पावले बोट वाहण्यासाठी वेल्डिंग करून बनवलेली असते. तिला स्प्रिंग नाही, ब्रेक नाही, दिवे नाहीत, आणि खाऱ्या वाळूत फिरून तिच्या चाकांत बेअरिंगपेक्षा गंजच जास्त उरलेला असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ट्रेलर हेही मोटार वाहनच धरले जाते, त्यामुळे नोंदणीशिवाय ते रस्त्यावर नेता येत नाही, ही अडचण वेगळीच. इंजिन उतरवून आधी वेगळे पाठवा. बोटीखाली टायर व काथ्याच्या गाद्या देऊन ती ट्रकच्या हौद्यात चढवा, आणि दोर बोटीच्या काठावरून न आवळता कड्यांतून घ्या, कारण फायबरचा काठ घाटातल्या वळणांवर दोराखाली चिरतो. परतताना इंजिन बसवण्याचे काम कोल्हापुरात न करता किनाऱ्यावरच करून घ्यावे.