आदळआपट कमी झाली आणि पोटदुखी सुरू झाली, तेव्हा

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला, आज सकाळी परत वाचला. मुलगा नऊ वर्षांचा. पहिली-दुसरीत मारामाऱ्या, वस्तू फेकणं, शाळेतून रोजची तक्रार. गेल्या सहा महिन्यांत तक्रारी जवळजवळ थांबल्या, पण आता शाळेच्या वेळेला पोटात दुखतं, कोणाच्या वाढदिवसाला जायला नको म्हणतो, आणि मध्येच एखाद्या दिवशी पुन्हा घर डोक्यावर घेतो. एका ठिकाणी ‘वर्तनाची समस्या’ सांगितली, दुसऱ्या ठिकाणी ‘अँक्झायटी’. यातलं खरं कोणतं, आणि आधी इलाज कशावर, असं तुम्ही विचारलंय. शेवटी लिहिलंय, ‘निदान आता शांत तरी झालाय.’

शाळेत समुपदेशक म्हणून मला २२ वर्षं झाली. मी डॉक्टर नाही, त्यामुळे निदान करणार नाही. पण ते शेवटचं वाक्य वाचून मला काळजी वाटली, म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्हाला सांगितलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. थॉमस आकेनबाक या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये मुलांच्या तक्रारींचे दोन मोठे गट मांडले: बाहेर फुटणाऱ्या, म्हणजे मारणं, मोडणं, उलट बोलणं; आणि आत मुरणाऱ्या, म्हणजे भीती, उदासी, विनाकारण दुखणी. ही विभागणी कामाची आहे, आजही वापरतात. पण मुलं काही एकेक गट वाटून घेत नाहीत. एकच मूल दोन्हींत सापडणं अगदी नेहमीचं आहे, इतकं की आयसीडी-१० या आजारांच्या जागतिक यादीच्या आधीच्या आवृत्तीत ‘वर्तन आणि भावना यांचे मिश्र विकार’ असा वेगळा विभागच होता, एफ ९२. तुम्ही भेटलात त्या दोघांनी बहुधा आपापल्या समोर आलेली बाजू सांगितली.

एका मुलाची वही मी कधी विसरणार नाही. आठ वर्षांचा असेल. गणिताचं पान खोडून खोडून काळवंडलेलं, एका जागी कागदाला भोक पडलेलं. ते भोक दिसल्यावर त्याने पान टराटरा फाडलं, शेजारच्याने ‘काय केलंस रे?’ विचारलं, आणि याने त्याला बाकावरून ढकललं. शाळेच्या डायरीत नोंद झाली ती फक्त ढकलण्याची. त्याआधीची दहा मिनिटं, चुकेल या भीतीने चाललेली ती खोडाखोड, कोणाच्या लेखी नव्हतीच. ती वही त्याच्या आईने आणून दाखवली म्हणून मला कळलं.

भीती अशी रागाच्या रूपात बाहेर येते. उलट दिशेनेही गाडी चालते, आणि तुमच्याकडे मला ती जास्त दिसते. जरा मागून सांगते.

मारणं, ओरबाडणं हे दोन-तीन वर्षांच्या वयात सगळ्यात जास्त असतं. पुढे भाषा येते, थांबता येऊ लागतं, आणि बहुतेक मुलांचं ते ओसरतं. काहींचं ओसरत नाही. कोणाचा मूळ पिंड तापट असतो, कोणाला बोलायला उशीर होतो, कोणाचं लक्ष ठरत नाही, कधी घरातच ताण असतो. मग घरात एक चक्र बसतं. मानसशास्त्रज्ञ जेरल्ड पॅटरसन यांनी ते फार नेमकं टिपलं आहे: आपण काही सांगतो, मूल आकांडतांडव करतं, आपण दमून माघार घेतो. त्या क्षणी दोघांचीही सुटका होते, म्हणून दोघंही तेच शिकतात. पुढच्या वेळी आवाज आणखी चढतो. यात कोणी वाईट नसतं, ताई. दमलेला माणूस माघार घेणारच.

हीच सवय घेऊन मूल शाळेत जातं. तिथे मुलं त्याला खेळात घेईनाशी होतात. शिक्षकांचा वेळ त्याला आवरण्यात जातो, अभ्यास मागे पडतो. पॅटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं म्हणणं असं की हे दुहेरी अपयश, मित्रांमधलं आणि अभ्यासातलं, साठत जातं आणि त्यातून उदासी येते. अॅन मास्टेन आणि सहकाऱ्यांनी २०५ मुलांचा २० वर्षं मागोवा घेऊन २००५ मध्ये जे मांडलं त्यातही हीच साखळी दिसते: लहानपणीच्या वर्तनाच्या अडचणी, त्यामुळे पौगंडावस्थेपर्यंत घसरलेला अभ्यास, आणि त्यातून तरुणपणी आत मुरलेली दुखणी. म्हणजे सातव्या वर्षीच्या मारामारीचा हिशेब कधी कधी विसाव्या वर्षी उदासीच्या रूपाने समोर येतो.

नऊ-दहाच्या सुमाराला आणखी एक गोष्ट घडते. मुलाला स्वतःची इतरांशी तुलना करता येऊ लागते. ‘मला कोणी घेत नाही’ हे सहा वर्षांच्या मुलाला त्या दिवसापुरतं लागतं. नऊ वर्षांचं मूल त्यावरून ‘मीच तसा आहे’ असं ठरवून टाकतं. शिवाय सतत नाकारलं गेलेलं मूल साध्या धक्क्यातही मुद्दामपणा बघतं. केनेथ डॉज यांनी १९८० मध्येच आक्रमक मुलांमध्ये हे दाखवलं होतं. म्हणून तुमचा मुलगा महिनाभर गप्प राहतो आणि एका क्षुल्लक गोष्टीवर फुटतो. ते फुटणं सुटं बघू नका. त्या महिनाभराच्या गप्प राहण्यालाच ते जोडलेलं असतं.

आता ‘शांत झालाय’बद्दल. शाळेतून फोन येणं थांबलं की घराला हायसं वाटतं, वाटणारच. पण दंगा सगळ्यांना दिसतो आणि दुःख फक्त ज्याचं त्याला. आकेनबाक यांनीच १९८७ मध्ये ११९ अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर मुलाचं स्वतःबद्दलचं सांगणं आणि मोठ्यांचं सांगणं यांतला सहसंबंध सरासरी ०.२२ निघाला. १ म्हणजे पूर्ण मेळ, हे लक्षात घेतलंत तर तो किती कमी आहे ते कळेल. तेव्हा मुलाला विचारल्याशिवाय तो बरा आहे असं धरू नका. आणि विचारताना ‘काय झालंय तुला?’ नको, त्याला उत्तर ‘काही नाही’ हेच येतं. शेजारी बसून, हातात दुसरं काहीतरी काम असताना विचारा: ‘मधल्या सुट्टीत तू कुठे असतोस?’ माझ्या अनुभवात या एका प्रश्नाने जेवढं कळतं तेवढं तासभर समोर बसवूनही कळत नाही.

पोटदुखीसाठी आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवाच. दुखणं खोटं समजू नका. भीतीने पोट खरोखर दुखतं. पण शारीरिक कारण नसेल तर शाळा बुडवू देऊ नका. घरी राहिल्याने त्या दिवसापुरतं बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवसाची भीती वाढते. अर्धा दिवस चालेल, ओळखीच्या शिक्षकांजवळ सुरुवातीची दहा मिनिटं बसलेलं चालेल.

‘आधी कशावर’ याचं उत्तर: दोन्ही रिपोर्ट घेऊन एकाच माणसाकडे जा, बालमनोविकारतज्ज्ञ किंवा मुलांबरोबर काम करणारे मानसशास्त्रज्ञ, आणि दोन्ही बाजू एकत्र बघा असं स्पष्ट सांगा. रॉबर्ट गुडमन यांची १९९७ची २५ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, तीत भावना, वर्तन, चंचलता, मित्र हे सगळं एकत्र येतं. तसं काही तुमच्याकडून आणि शिक्षकांकडून भरून घ्यायला सांगा. वाचन-लेखनाची तपासणीही करून घ्या, कारण अक्षरांशी झगडणारी कितीतरी मुलं ‘दंगेखोर’ म्हणूनच ओळखली जातात. घरातले नियम सैल करू नका. नियम थोडे, पण रोज तेच. आणि एक मित्र, एकच, अधूनमधून तासाभरासाठी घरी बोलवा. वाढदिवसाची गर्दी सध्या राहू दे.

‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं काही तो कधी बोलला, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही: सुट्टीच्या दिवशी पोट दुखतं का? दोन आठवडे वेळ आणि वार लिहून ठेवा, आणि मधल्या सुट्टीचं काय उत्तर आलं तेही इथे सांगा. मी बघत राहीन.