दादा, ती हलकी कूपे येणार कधी?

चवथीच्या सुट्टीनंतर टेबलावर पत्रांचा आणि मेसेजेसचा ढीग पडलेला, आणि त्यातले निम्मे एकाच विषयावर. दोन दारांची, वजनाने हलकी, मागच्या चाकांवर चालणारी नवी जपानी कूपे. मायलेजवाल्यांनो, तुम्ही पुढच्या अंकापर्यंत थांबा, या वेळी सगळं पान या वेड्यांना दिलंय (मीही त्यातलाच).

प्रश्न : दादा, माझदाने टोकियोत लाल रंगाची कूपे दाखवली तेव्हापासून झोप नाही. टोयोटाची ८६ पण नवी होणार असं सगळे बोलतायत. भारतात कधी येणार? पैसे साठवत थांबू की सरळ स्विफ्ट घेऊ? – इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, म्हापसा

स्विफ्ट घे बाबा. आणि मग निवांत वाट बघ, वाट बघायला पैसे पडत नाहीत.

तू म्हणतोस ती माझदा म्हणजे आयकॉनिक एसपी, ऑक्टोबर २०२३ मध्ये दाखवलेली, आतमध्ये रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो ते) वीज बनवायला, ताकद ३७० पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप) आणि वजन १४५० किलो असं कंपनीने सांगितलेलं. दिसायला एक नंबर, वाद नाही. पण शोमध्ये फिरत्या स्टेजवर उभी केलेली गाडी आणि शोरूममध्ये चावी हातात देतात ती गाडी यात फरक असतो, आणि हे मी दोनदा बघितलंय. टोयोटाने एफटी-८६ नावाचं मॉडेल २००९ च्या टोकियो शोमध्ये ठेवलं, लोकांनी तीन वर्षं वाट बघितली आणि २०१२ मध्ये खरंच जीटी८६ रस्त्यावर आली, सुबारूची बीआरझेड म्हणून तीच जुळी बहीण. ही गोड गोष्ट. आता दुसरी ऐक. २०१५ मध्ये त्याच टोयोटाने एस-एफआर दाखवली, पिवळीधमक, पिटुकली, मागची चाकं फिरणारी, मी तर तिचा फोटो गॅरेजच्या कपाटाला आतून चिकटवला होता. ती आलीच नाही. फोटो अजून आहे.

भारताचं म्हणशील तर माझदाचं इथे कारचं दुकानच नाही, आपल्या आईवडिलांना माझदा माहीत आहे ती स्वराज माझदाच्या ट्रकमुळे आणि शाळेच्या मिनीबसमुळे. टोयोटाला जमू शकतं. २०१८ चा नियम आहे, परदेशात पास झालेल्या राइट हँड (उजव्या बाजूला स्टेअरिंगच्या) गाड्या कंपनीला वर्षाला २५०० पर्यंत इथली वेगळी होमोलोगेशन, म्हणजे सरकारी चाचणी आणि मान्यता, न करता आणता येतात, वेलफायरसारखी महागडी गाडी ते बाहेरूनच आणतात. म्हणजे दार बंद नाहीये, पण त्या दारातून आत येताना गाडीचं काय होतं ते खाली मडगाववाल्यांच्या उत्तरात वाच.

प्रश्न : मुलगा रोज या गाड्यांचे व्हिडिओ लावून बसतो. मी विचारलं ताकद किती, तर म्हणे २३५ पीएस. अहो, आमच्या शेजाऱ्याच्या डिझेल एसयूव्हीची ताकद जवळपास तेवढीच आहे आणि तिच्यात सात माणसं बसतात. मग यात विशेष ते काय? – एक वडील, डिचोली

काका, तुम्ही अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत, फक्त आकडा चुकीचा विचारलात. ताकद नाही, वजन विचारा मुलाला. शेजाऱ्यांची ती सात सीटर दोन टनांच्या आसपास असेल. जीआर८६, म्हणजे त्या जीटी८६ ची २०२१ मध्ये आलेली पुढची पिढी, साधारण १२७० किलो. आणि त्यांची जी मूळ आजी, १९८३ ची कोरोला लेविन आणि ट्रुएनो, जिचा कोड एई८६ आणि जिला जपानी लोक हाची-रोकू म्हणजे आठ-सहा म्हणतात, ती तर ९५० किलोच्या आसपास होती, १६०० सीसीचं इंजिन, आजच्या हिशेबाने ताकद काहीच नाही. तरी चाळीस वर्षं लोक तिच्या मागे आहेत.

का, तर वजन हे प्रत्येक कामात आडवं येतं. ताकद फक्त सरळ रस्त्यावर पुढे पळताना कामाला येते, आणि आपल्या गोव्यात सरळ रस्ता आहेच किती हो, झुआरीचा पूल सोडला तर. वजन मात्र ब्रेक मारताना आडवं येतं, वळताना आडवं येतं, खड्ड्यातून उठताना आडवं येतं, टायर झिजवतं, पेट्रोल पितं. भरलेली घागर आणि रिकामी घागर डोक्यावर घेऊन चालून बघा, वळताना मान काय म्हणते ते कळेल.

पहिल्या जीटी८६ ची एक गंमत मुलाला नक्की सांगा. एवढी स्पोर्ट्स कार, पण तिला जे टायर लावले होते तेच टोयोटाच्या प्रायस हायब्रिडलाही मिळायचे, पेट्रोल वाचवणाऱ्या गाडीचे टायर. तेत्सुया तादा हे तिचे मुख्य इंजिनिअर, त्यांच्या टीमने मुद्दाम कमी पकड ठेवली, का तर साध्या वेगातही गाडी हलते, सरकते, बोलते ते चालवणाऱ्याला कळावं. जास्त पकड असली की काहीच कळत नाही आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. इंजिन सुबारूचं आडवं बॉक्सर, सिलिंडर दोन्ही बाजूला झोपलेले, त्यामुळे बॉनेटखालचं ओझं खाली जमिनीजवळ बसतं. आणि हट्ट बघा, त्या २ लिटर इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८६ मिलिमीटर आणि स्ट्रोकही (पिस्टनची धाव) ८६. याला मी वेड म्हणतो, चांगल्या अर्थाने.

दोष नव्हते असं नाही हं. पहिल्या गाडीत ४००० आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) आसपास जोर मध्येच बसायचा, ओव्हरटेकला नेमका तिथेच लागतो, लोकांनी दहा वर्षं तक्रार केली. नव्या गाडीत इंजिन २.४ लिटर केलं, टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, २०५ वरून २५० न्यूटन मीटर, आणि तो ३७०० आरपीएमलाच मिळतो. लोक म्हणत होते टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) लावा, त्यांनी नाही लावला. माझ्या मते बरं केलं.

आणि मागची चाकं कशाला? तुमच्या आल्टोपासून क्रेटापर्यंत सगळ्यांची पुढची चाकं गाडी ओढतातही आणि वळवतातही. एकाच माणसाने भजनात पखवाजही वाजवायचा आणि झांजही धरायची, होतं, पण ताल कधीतरी सुटतो. जोरात ॲक्सिलरेटर दिला की स्टेअरिंग हातात ओढल्यासारखं होतं बघा, तेच ते. मागची चाकं ढकलत असली की पुढच्यांना फक्त वळण्याचं काम. यात अडचण एवढीच की मागे ताकद न्यायची तर लांब शाफ्ट आला, मागे डिफरन्शियल (दोन चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) आला, शाफ्टसाठी गाडीच्या तळात मधे तो बोगदा आला, म्हणजे वजन आणि खर्च दोन्ही वाढलं. म्हणून हलकी आणि मागच्या चाकांची अशी दोन्ही एकत्र असलेली गाडी इतकी कमी सापडते, आणि कोणी बनवतोय म्हटलं की तुमच्या मुलासारखी पोरं रात्र रात्र जागतात.

प्रश्न : रिअर व्हील गाडी पावसात फिरते म्हणतात. आमच्याकडे पाऊस चार महिने, चोर्ला घाट रोजचा. झेपेल का? – साखळी

फिरते. मी फिरवलीय, तीही स्पोर्ट्स कार नाही, मारुती ओम्नी. (ओम्नीपण मागच्या चाकांचीच, लोक विसरतात.) जूनचा पहिला पाऊस, लोंढ्याहून अनमोड घाट उतरून मोल्याकडे येत होतो, गाडी मागून पूर्ण रिकामी. एका वळणावर तिसऱ्याचा दुसरा गिअर टाकला आणि क्लच फटकन सोडला, झालं, मागची चाकं क्षणभर अडकली, आणि ओम्नीचं ढुंगण दरीच्या बाजूला निघालं. पाय ब्रेकवरून काढला, स्टेअरिंग उलटं फिरवलं, देवाने वाचवलं असं घरी सांगितलं, खरं म्हणजे समोरून ट्रक नव्हता म्हणून वाचलो. आमच्या मेस्ताने, म्हणजे मेकॅनिकने, दुसऱ्या दिवशी मागे नारळाचं एक पोतं ठेवायला लावलं आणि म्हणाला पाऊस संपेपर्यंत काढू नको. त्या वर्षी घरात नारळ कधी कमी पडला नाही.

८६ सारख्या गाडीला पोतं लागत नाही, तिचं वजन पुढे ५३ आणि मागे ४७ टक्के असं वाटलेलं आहे, स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारं) आहे, पाऊस असेल तर ते बटन बंद करायचं नाही म्हणजे नाही. टायरची नक्षी तीन मिलिमीटरवर आली की बदल, कायद्याची वाट बघू नको. आणि सगळ्यात वाईट पाऊस मुसळधार नसतो, वाईट तो पहिला, वर्षभराचं ऑइल आणि लाल माती मिळून रस्त्यावर साबण होतो. बाकी तुला घाटापेक्षा गावातल्या स्पीड ब्रेकरची भीती जास्त वाटली पाहिजे, गाडीचा क्लिअरन्स (पोटाचं रस्त्यापासूनचं अंतर) १३० मिलिमीटरच्या आसपास, देवळासमोरचा तो पंचायतीने घातलेला उंच ब्रेकर आठव.

प्रश्न : अमेरिकेत जीआर८६ तीस हजार डॉलरच्या आसपास मिळते, म्हणजे पंचवीसेक लाख. एवढ्याला तर इथे लोक एसयूव्ही घेतात. मग आणली तर केवढ्याला पडेल? आणि मावसभाऊ स्विंडनला आहे, त्याच्याकडून जुनी आणता येईल का? – मडगाव

पाणी पिऊन घ्या. गाडी बंदरात २५ लाखाला उतरली धरू, ढोबळ. चाळीस हजार डॉलरच्या आतल्या गाडीवर कस्टम ७० टक्के, म्हणजे साडेसतरा, झाले साडेबेचाळीस. आता त्यावर जीएसटी, सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांना ४० टक्के, ते झाले १७. साडेएकोणसाठ. अजून आरटीओ नाही, इन्शुरन्स नाही, डीलरचा वाटा नाही, गणपतीसमोर फोडायचा नारळ नाही. अमेरिकेत जी गाडी कॉलेजची पोरं हप्त्यावर घेतात ती इथे बंगल्यातल्या माणसाची होते, आणि बंगल्यातला माणूस साठ-सत्तर लाखात चार सीटची जर्मन गाडी घेतो, दोष कोणाला देणार.

स्विंडनवाला भाऊ इंग्लंडमध्ये म्हणजे स्टेअरिंग योग्य बाजूला, एवढी एकच चांगली बातमी. जुनी गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, ती मुंबई बंदरातूनच आणावी लागते, आणि कर नव्यापेक्षाही जास्त. त्यात युरोपात जीआर८६ दोनच वर्षं विकली, २०२४ च्या नव्या सेफ्टी नियमांत ती बसत नव्हती. भावाला म्हणा तिथेच घे, तुम्ही विमानाने जाऊन चालवून या, स्वस्त पडेल.

प्रश्न : आपल्याकडे चार मीटरच्या आत गाडी असली तर टॅक्स कमी. स्पोर्ट्स कूपे त्यात बसवता येणार नाही का? – काणकोण

लांबीत आरामात बसते. माझदा एमएक्स-५ ३९१५ मिलिमीटर, आणि जपानमध्ये तिचं १५०० सीसीचं साधं मॉडेल ९९० किलोचं आलं होतं. माझ्या कपाटातली एस-एफआर ३९९०, जणू आपला नियम वाचूनच बनवली होती. पण अडतं इंजिनावर, कमी म्हणजे १८ टक्के जीएसटीत यायचं तर पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत हवं, १५०० म्हटलं की सरळ ४०. कोणीतरी १२०० सीसी टर्बो, मागची चाकं, नऊशे किलो अशी गाडी इथेच बनवली तर मी पहिला बुकिंग करीन. तशी चारचाकी आपल्याकडे झालीय म्हणा, मागे इंजिन, मागची चाकं, सहाशे किलोच्या आसपास. तिचं नाव नॅनो. हसू नका, टर्बो सोडला तर कागदावर ती आपल्या सगळ्या अटी पूर्ण करते.

प्रश्न : रिअर व्हील शिकायला कुठली जुनी गाडी घेऊ? मित्र म्हणतात कॉन्टेसा. आणि सायलेन्सर मोठा लावला तर? – फोंडा

कॉन्टेसा हौसेला घे, शिकायला नको, पार्ट शोधता शोधता म्हातारा होशील. कोणाच्या घरी मासळी किंवा भाजी आणायला ईको असेल तर ती मागून घे, ती आजही मागच्या चाकांची, आणि मोकळ्या मैदानात वीसच्या स्पीडला ओल्या मातीवर गोल गोल फिरव, मालकाला विचारून. रस्त्यावर नको. सायलेन्सरचं उत्तर – नको.

प्रश्न : नवरा म्हणतो ही गाडी आली तर घेऊच, मागे सीट आहे, मुलं बसतील. मुलं दोन, आठ आणि अकरा वर्षांची. खरं काय ते सांगा. – एक ताई, वास्को

ताई, मागे सीट आहे हे खरं. बेल्टसुद्धा आहे. पण पुढे तुमचा नवरा बसला की मागच्याचे गुडघे कुठे ठेवायचे हे कंपनीने सांगितलेलं नाही. ती सीट मुळात पाडण्यासाठी आहे, पाडली की मागे चार जास्तीची चाकं मावतात, रेस ट्रॅकवर टायर बदलायला, डिझाइन करतानाच ते मोजून ठेवलं होतं. तेव्हा आठ वर्षांचा पणजीपर्यंत कसाबसा जाईल, अकरावाला झुआरीच्या पुलावरच भांडायला लागेल, आणि चवथीला माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताचं) सामान आणायचं असेल तर ते तुमच्या मांडीवर. नवऱ्याला आधी हे विचारा की तुमची आत्ताची गाडी तो विकणार आहे की ठेवणार आहे.