खुंटीवरचे कोट

प्रश्न: नमस्कार ताई, सध्या लेकीकडे लंडनला आलोय. काल व्हाइटहॉल रस्त्यावर फिरताना मधोमध एक उंच काळपट ठोकळा दिसला, त्याला चारी बाजूंनी नुसते कोट आणि टोप्या लटकवलेल्या, मला तर लाँड्रीचं काहीतरी वाटलं. लेक म्हणाली दुसऱ्या महायुद्धातल्या बायकांचं स्मारक आहे. पण त्यात बाई कुठंय? आणि पुढच्या पार्लमेंट स्क्वेअरमध्ये गांधीजी दिसले, चर्चिल दिसले, तिथे पण बायका नाहीतच का?

– एक वाचक, सातारा

उत्तर: काका, लाँड्री वाचून खूप हसले, पण कपडे काढून ठेवलेत हे तुम्ही बरोबर ओळखलंत. जॉन मिल्स नावाच्या शिल्पकाराने हे केलंय, ब्राँझचं आहे, उंची साधारण २२ फूट, आणि त्यावर १७ वेगवेगळे पोशाख आहेत. कल्पना अशी की युद्ध संपलं, बायकांनी युनिफॉर्म खुंटीला अडकवले आणि घरी गेल्या, परत पुरुष आपापल्या नोकऱ्यांवर. म्हणून बाई नाही. नीट बघा, नौदलाचा युनिफॉर्म आहे, नर्सची केप आहे, शेतात राबणाऱ्या लँड आर्मीचे कपडे आहेत, वेल्डिंगचा मास्कसुद्धा. आणि वरची अक्षरं त्या काळच्या रेशन पुस्तकावरच्या वळणाची आहेत, हे मला सगळ्यात जास्त आवडतं, कारण रांगेत उभं राहून रेशन आणणंही शेवटी बायकांच्याच वाट्याला ना.

या सगळ्याजणी हौसेनेच गेल्या होत्या असंही नाही हं. डिसेंबर १९४१ च्या कायद्याने २० ते ३० वयाच्या अविवाहित मुलींना सक्तीने बोलावता यायला लागलं. खुद्द एलिझाबेथ राणी तेव्हा राजकन्या होती, १९४५ मध्ये लष्करात ट्रक चालवायला आणि दुरुस्त करायला शिकली, आणि ९ जुलै २००५ ला या स्मारकाचं अनावरण तिनेच केलं. दोनच दिवस आधी लंडनमध्ये बाँबस्फोट झाले होते तरी कार्यक्रम झाला.

काही लोकांना चेहरे नाहीत हे खटकतं आणि मला ते अगदीच चूक वाटत नाही, पुरुषांचे पुतळे नावानिशी आणि बायकांचे नुसते कोट! पण एकीचा चेहरा केला असता तर वेल्डिंगवाली आणि शेतवाली दोघी बाहेरच राहिल्या असत्या, म्हणून माझं मत कोटांच्या बाजूने.

आता चौकातलं. बाई आहे काका, तुमच्या नजरेतून सुटली. मिलिसंट फॉसेट, बायकांच्या मताधिकारासाठी आयुष्यभर सनदशीर मार्गाने झगडलेली. पण ती आली एप्रिल २०१८ मध्ये, तोवर तिथे अकरा पुतळे आणि सगळे पुरुष, म्हणजे २०१५ ला आलेले आपले गांधीजीसुद्धा तिच्या आधीचे. शिल्पकारही बाईच, गिलियन वेअरिंग. हातात फलक धरलेली दिसेल. तिच्या चौथऱ्यावर मताधिकाराच्या लढ्यातल्या ५५ बायका आणि ४ पुरुषांची नावं-फोटो आहेत, त्यात आपली सोफिया दुलीपसिंग शोधा, पंजाबच्या महाराजा दुलीपसिंगांची मुलगी, हॅम्प्टन कोर्टच्या बाहेर उभी राहून मताधिकारवाल्यांचं वर्तमानपत्र विकायची. लेकीला घेऊन जा, चष्मा विसरू नका, अक्षरं बारीक आहेत. तिथून पार्लमेंटला वळसा घातलात की नदीकाठच्या बागेत एमेलिन पँकहर्स्टचा, म्हणजे मताधिकाराच्या लढ्यातल्याच दुसऱ्या पुढारी बाईंचा, पुतळा आहे, तो मात्र १९३० पासूनच.