जुळं, पहिलं डोकं खाली, दुसरं पायाळू: सिझरच का?

तुम्ही लिहिलंय की ३४वा आठवडा चालू आहे, दोघांची वार वेगळी, पिशवीही वेगळी, पहिल्याचं डोकं खाली आणि दुसरं पायाळू. डॉक्टरांनी ३६व्या आठवड्यात सिझर सांगितलंय आणि घरचे म्हणतात, जुळं सिझरनेच सुखरूप होतं. लेबर रूममध्ये सिस्टर म्हणून बरीच वर्षं काढलीत, म्हणून लिहिते.

घरच्यांचं म्हणणं तपासून झालंय. २०१३ साली छापून आलेल्या अभ्यासात २५ देशांतल्या २८०० गरोदर बायका होत्या, सगळ्यांचं पहिलं बाळ डोक्याकडून. निम्म्यांचं ठरवून सिझर, निम्म्यांची नॉर्मलची तयारी. बाळ दगावणं किंवा गंभीर त्रास होणं सिझरच्या गटात २.२ टक्के, नॉर्मलच्या गटात १.९. धरण्याजोगा फरक नाही. अर्थात नॉर्मलच्या गटातही जवळपास ४४ टक्के बायकांचं शेवटी सिझरच झालं, हेही माहीत असू द्या.

मला खटकतो तो ३६चा आकडा. वार वेगळी असेल, दोघांची वाढ आणि तुमचं बीपी-शुगर ठीक असेल, तर साधारण ३७ पूर्ण होईपर्यंत थांबतात. एकच वार असेल तर ३६. एकाच पिशवीत दोघं असतील तर ३२ ते ३४मध्येच, आणि तिथे सिझरच. कळा न येता लवकर काढलेल्या बाळाच्या फुप्फुसातलं पाणी पटकन शोषलं जात नाही. नाकपुड्या फुलतात, श्वासागणिक कण्हल्यासारखा आवाज येतो, बरगड्यांखाली खड्डा पडतो आणि बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागतं.

नॉर्मलमध्ये खरी कसोटी दुसऱ्या बाळाची. पहिलं बाहेर आलं की आत जागा होते आणि दुसरं फिरू शकतं. त्या वेळी कुणीतरी पोटावर दोन्ही हात ठेवून त्याला सरळ धरून ठेवतं, लगेच सोनोग्राफी होते, ठोके मशीनवर चालूच. पायाळू असेल तर डॉक्टर आत हात घालून पाय धरून काढतात. हे सवयीच्या हातांचंच काम. तुमच्या डॉक्टरांना तो सराव नसेल आणि म्हणून ते सिझर म्हणत असतील, तर वाद घालू नका, ते प्रामाणिकपणे सांगताहेत.

पुढच्या तपासणीला ३६चं कारण मात्र विचारा. वाढ खुंटली असेल, बीपी चढलं असेल तर तारीख बरोबरच आहे. भूलतज्ज्ञ रात्री हजर असतात का, पेट्या दोन मिळतील का, हेही विचारा. एक बाळ इथे नि दुसरं गावाच्या त्या टोकाला, असं होताना पाहिलंय. आणि त्याआधी पाणी गेलं किंवा कळा आल्या, तर तारीख बघत बसू नका, निघा.