विहिरीचं पाणी फुकट नसतं: रात्री मोटर चालते का, ते आधी बघा

घरची विहीर, स्वतःची सेप्टिक टाकी, पाणीपट्टी नाही, सांडपाण्याचं बिल नाही. मग दर महिन्याला विजेचं बिल का फुगतंय आणि सेप्टिक टाकी सारखी का भरतेय, असं तुम्ही विचारलंय. आमचे असेच आठ महिने गेले, म्हणून सविस्तर लिहिते. दिवे-पंखे बंद करा वगैरे तुम्हाला ठाऊकच असेल, ते सोडून देते.

बिल वाढलं म्हणजे मीटर बिघडला, असं आम्ही धरून चाललो. तिथेच चुकलो. वीज कार्यालयात अर्ज दिला. तपासणीचे पैसे भरा, पुढच्या आठवड्यात या, आज साहेब नाहीत. चार खेपा झाल्यावर एका ओळीचं उत्तर मिळालं: मीटर योग्य आहे. उत्तर खरं होतं. पण मग घरात वीज जातेय कुठे, ते कसं शोधायचं, एवढं सांगायला तिथे एकही माणूस तयार नव्हता. याचा राग मला अजून आहे. त्याच काळात सेप्टिक टाकी तुंबली. मैला उपसणारी गाडी बोलावली, काही दिवसांत पुन्हा तेच, पुन्हा गाडी. दोन्ही दुखणी वेगळी समजून दोन्हीकडे पैसे भरत राहिलो.

एका रात्री दोन वाजता जाग आली. सगळे नळ बंद, आणि पाइपातला दाब कमी झाला की मोटर आपोआप सुरू करणाऱ्या प्रेशर स्विचचा 'टक' आवाज. मोटर सुरू, थोड्या वेळात बंद, परत 'टक'. टॉर्च घेऊन दोन्ही बाथरूम पाहिले. कमोडच्या मागच्या बाजूने पाण्याचा पातळ पापुद्रा सरकत होता, जराही आवाज न करता. फ्लशच्या टाकीतला तळाचा रबर कडक होऊन वाकला होता. दुसऱ्या कमोडचंही तेच. म्हणजे विहिरीतून वीज जाळून वर आणलेलं पाणी रात्रंदिवस सेप्टिक टाकीत जात होतं, आणि टाकीतून बाहेर पडणारं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषखड्ड्याला सुकायला उसंतच मिळत नव्हती.

एक अश्वशक्तीची मोटर तासाला साधारण 1 युनिट घेते. रोज तीन तास जादा चालली तर महिन्याला 90 युनिट झाले. रबर बदलायला दहा मिनिटं लागली.

फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला तर गळती आहे. नाही उतरला, तर प्रेशर टाकीनंतरचा (मोटरने चढवलेलं पाणी दाबाखाली साठवणारी टाकी) मुख्य कॉक बंद करून दाबाचा काटा बघा. तरीही काटा खाली येत असेल तर पाणी बहुधा विहिरीकडे परत जातंय, पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह तपासायला हवा. आणि नळ उघडला की मोटर सारखी चालू-बंद होत असेल, तर प्रेशर टाकीतली हवा गेलीय किंवा आतला पडदा फाटलाय. मी प्लंबर नाही. विजेच्या जोडण्यांना स्वतः हात लावू नका.

सेप्टिकबद्दल माझं मत जरा ठाम आहे. झाकण उघडल्यावर पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या पातळीपर्यंत दिसलं, तर टाकी 'भरली' असं होत नाही. ती कायम तेवढीच असते. त्याच्या वर चढलं तरच पुढे अडलंय समजा. बघायचा असतो तो तळाचा गाळ आणि वर तरंगणारी मैल्याची साय. दोन्ही मिळून टाकीच्या एक तृतीयांश झाले की उपसा करायचा, बहुतेक घरांत तीन ते पाच वर्षांनी. टाकी आणि माणसं किती यावर ते बदलतं. जिवाणूंच्या पुड्यांवर पैसे घालवू नका, त्याने उपसा टळत नाही. उघड्या टाकीवर वाकून बघणं तर अजिबात नको, आतल्या वायूने माणूस मरतो.

वर्षातून एकदा विहिरीचं पाणी जिवाणू आणि नायट्रेटसाठी तपासून घ्या. तो खर्च हिशेबात धराच, सेप्टिक जवळ असेल तर जास्तच.

आज झोपताना मीटरचा आकडा लिहून ठेवा, सकाळी नळ उघडण्याआधी परत बघा. दोन्ही आकडे इथे टाका, आणि रात्रभर फ्रिजशिवाय काय काय चालू होतं तेही.