आधी कॅप्स लॉक हलव

भावा, पुढच्या महिन्यात राजारामपुरीतल्या कंपनीत रुजू होणार आहेस, तर आत्ताच ड्वोरॅक-कोलमॅक असल्या वेगळ्या कीबोर्ड मांडण्यांच्या मागे लागू नकोस. ड्वोरॅकचं पेटंट 1936 चं, म्हणजे कोडिंगचा विचार त्यात नाहीच. कोलमॅक 2006 चा. तो क्वर्टीतल्या, म्हणजे आपल्या नेहमीच्या कीबोर्ड मांडणीतल्या, 17 कळाच हलवतो आणि झेड, एक्स, सी, व्ही जागेवर ठेवतो, म्हणून कॉपी-पेस्टची सवय टिकते. तरी नव्या नोकरीत वेग पडला तर त्रास तुलाच.

आधी कॅप्स लॉक बदल. करंगळीजवळची इतकी मोक्याची जागा, आणि तिथं बसलीय क्वचित लागणारी कळ! तिथं कंट्रोल आण. विम हा कोड लिहायचा एडिटर वापरत असशील तर एस्केप. विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधला कीबोर्ड मॅनेजर पुरतो, मॅकवर सेटिंगमध्येच सोय आहे. दोन्ही हवेत? कानाटा हे कळा बदलायचं सॉफ्टवेअर घे: टिचकी मारली की एस्केप, दाबून धरलं की कंट्रोल.

मग कंसांकडे वळ. महिरपी आणि चौकोनी कंस उजव्या करंगळीला फार ताणतात. कानाटातच वेगळा लेअर (एक कळ दाबून धरली की बाकीच्या कळांचं काम बदलतं, तो) करून ते जे, के, एल, आयवर आण. आठवड्याला एकच बदल कर, हाताला बसू दे. आणि कानाटाच्या सेटिंगची फाइल गिटमध्ये (फाइलींचे बदल जपणारं टूल) ठेव, ऑफिसच्या मशीनवरही लागेल.