देव दूर गेल्यासारखा वाटतो, प्रार्थनाही होत नाही. बायबलमधली स्तोत्रं वाचून खरंच आशा मिळते का?

मिळते, पण स्तुतीच्या स्तोत्रांपासून सुरुवात करू नका. मी तीच चूक केली. माझे असे सात-आठ महिने गेले. प्रार्थनेला बसायचो आणि शब्दच सुचायचे नाहीत. कुणीतरी १०३ वं स्तोत्र सुचवलं. ते वाचून उलट अपराधीच वाटलं, आपल्याकडून एवढाही धन्यवाद निघत नाही म्हणून.

मग ४२ वं वाचलं. पाण्यासाठी लुलपणारी हरिणी अनेकांना पाठ असते, पण तिथे थांबू नका. हे स्तोत्र गाणारा माणूस यार्देन नदी आणि हर्मोन डोंगराच्या मुलखात, देवाच्या मंदिरापासून लांब आहे. अश्रू हेच त्याचं अन्न झालंय, वर लोक विचारतात, ‘कुठे आहे तुझा देव?’ मग तो स्वतःच्याच जिवाला विचारतो, तू का खिन्न झालास? देवाची आशा धर.

एकदा सांगून त्याचा जीव ऐकत नाही, याचाच मला आधार वाटला. आठव्या वचनात रात्री देवाचं गीत सोबतीला आहे म्हणतो आणि नवव्यात लगेच, ‘तू मला का विसरलास?’ मग पुन्हा जिवाची समजूत. ४३ व्याच्या शेवटी तिसऱ्यांदा. (ही दोन बहुधा मुळात एकच स्तोत्र; कित्येक हिब्रू हस्तलिखितांत ती जोडलेलीच आहेत.) आणि तो म्हणतो काय, तर मी पुन्हा त्याचं स्तवन *करीन*. आज करतोय असं म्हणतच नाही. त्या काळात माझी आशा त्या ‘करीन’एवढीच होती.

तेही झेपत नसेल तर ८८ वं. त्यात शेवटपर्यंत उजाडत नाही. हिब्रूत शेवटचा शब्दच ‘अंधार’ आहे. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, आणि सगळं गाऱ्हाणं देवाकडेच आहे.

झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर आजच कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरांना भेटा. त्यानं विश्वास कमी ठरत नाही.

मी रोज १३ वं मोठ्यानं वाचायचो. सहाच वचनं आहेत, पहिल्या दोनांत चारदा ‘किती वेळ?’ पाचव्यात भरवशाची भाषा सुरू होते. मी चौथ्यावर थांबून पुस्तक मिटायचो, तेवढीच त्या दिवसाची प्रार्थना. पाचवं उच्चारायला मला बरेच आठवडे लागले.